रूपसिंग नायक मानवी हक्क शिकतो

रूपसिंग राठोड बासष्टाव्या वर्षी विद्यापीठात शिकायला गेला, तो काही ज्ञानाची ओढ लागली म्हणून नव्हे. रागाच्या भरात गेला. चांगली माणसं रागावली की भांडी आपटतात, ताटावरून उठतात, फार तर चार दिवस लेकीच्या गावाला जाऊन बसतात. यानं प्रवेश घेतला.

दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्यानं आत तीन किलोमीटर गेलं की ऐंशी घरांचा बंजाऱ्यांचा तांडा, आणि रूपसिंग त्या तांड्याचा नायक. सरपंच पाच वर्षांनी बदलतो. नायकी बापाकडून येते आणि मरेपर्यंत राहते, त्यामुळे सरपंचाला कोणी विचारो न विचारो, नायकाला विचारल्याशिवाय तांड्यात बोअरला मोटार बसत नाही. भांडण झालं की सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या ओट्यावर नसाब बसते, म्हणजे तांड्याची पंचायत. दोन्ही बाजू आपापलं सांगतात, चहा होतो, पुन्हा सांगतात, आणि शेवटी नायक बोलतो. एकदा तो बोलला की विषय मिटला.

रूपसिंगचा एक नियम होता आणि तो त्यानं एकतीस वर्षं मोडला नव्हता. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. नियम चांगला, पण त्याला तो कुठं थांबवायचा ते कळत नसे. एकदा त्याची बायको धनीबाई म्हणाली की शेजाऱ्याच्या बकरीनं परसातली मेथी फस्त केली. हा म्हणाला, बकरीवाल्याले बोलाव. बकरीवाला आला, ऐसपैस बसला, चहा प्याला, बकरीच्या स्वभावाबद्दल चार चांगले शब्द बोलून गेला. मेथी गेली ती गेलीच. धनीबाईनं त्या दिवसापासून नवऱ्याकडे तक्रार नेणं बंद केलं.

तर राग आला तो संजयचा. संजय म्हणजे सख्खा पुतण्या, पुण्याला कंपनीत, सुटीत घरी आलेला. दोन भावांच्या बांधावरच्या लिंबाच्या झाडाचा निकाल नायकानं नुकताच लावला होता, दोघेही भाऊ खूश होते, आणि हा पठ्ठ्या मागून म्हणाला, "काका, तुमचा न्याय चांगला आहे, पन हे सारं मानवी हक्कात बसत नाही."

तांड्यातलं बोलणं सारं गोरबोलीत चालतं, पण बाहेरच्याला समजावं म्हणून इथं ते वऱ्हाडीत घेतलं आहे. राग मात्र दोन्हीत सारखाच.

"काय बसत नाही?" नायकानं विचारलं.

"हे असं ओट्यावर बसून न्याय करनं. मानवी हक्क म्हनून असते एक. साऱ्या जगात चालते."

"कुठं लिवलं हाय?"

संजयनं फोन पुढं केला.

"फोनात तं काहीही येते. परवा आलतं का कांद्याच्या रसानं टकलावर केस येतात. तुह्या बापानं महिनाभर लावला, लोक त्याच्यापाशी बसत नव्हते. पुस्तकात दाखव."

पुस्तक संजयजवळ नव्हतं. तो मंगळवारी पुण्याला निघून गेला, पण त्याचा शब्द नायकाच्या डोक्यात ठाण मांडून बसला. आठ दिवस त्याला अन्न गोड लागेना. मग एका सकाळी दिग्रसला चहाच्या टपरीवर त्याला पेपरात जाहिरात दिसली: विद्यापीठाची एक वर्षाची पदविका, विषय मानवी हक्क, वर्ग यवतमाळच्या एका कॉलेजात शनिवारी-रविवारी, पात्रता बारावी पास. नायक आश्रमशाळेतून बारावी झालेला होता, तोही पहिल्या झटक्यात. सर्टिफिकेट धनीबाईच्या पेटीत तळाशी होतं.

"या वयात?" धनीबाईनं पेटी उघडता उघडता विचारलं.

"वयाची अट लिवली नाही."

"गुडघ्याची लिवली का?"

नायकानं तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि संध्याकाळी ओट्यावर जाहीर करून टाकलं: विद्यापीठाचा शिक्का घेऊन येतो. तांड्याचा न्याय हा न्यायच आहे, एकतीस वर्षं मी चुकलो नाही, हे मोठ्या माणसांकडून लिहून आणतो. मग पाहू संजय काय म्हणतो ते. त्याला खरंच तेवढंच पाहिजे होतं. डिग्री, नोकरी, नावापुढं काही लावणं, यातलं काही नको होतं. आपण माणसांना न्याय दिला, हे कोणीतरी शिकलेल्या माणसानं म्हणावं, एवढीच त्याची भूक होती, आणि ती भूक वाढत्या वयात फार लागते.

तांड्याची समजूत वेगळी झाली. त्या भागात काही मंडळी गाडीवर लाल पाटी लावून फिरतात, वर 'मानवाधिकार' आणि खाली 'जिल्हाध्यक्ष' असं मोठ्या अक्षरात, आणि टोलनाक्यावर काच खाली न करता पुढं निघतात. तांड्याला वाटलं, नायक त्याचंच शिक्षण घेतो आहे. "नायक, पाटी कधी लागते?" असं ज्यानं त्यानं विचारायला सुरुवात केली. नायकाजवळ गाडीच नव्हती. एकानं सुचवलं की तोपर्यंत बैलबंडीला लावा.

शनिवारी पहाटे उठून काळ्यापिवळ्या जीपनं दारव्हा, तिथून एसटीनं यवतमाळ, असा त्याचा क्रम सुरू झाला. डोक्याला पागोटं, अंगात पांढरा सदरा, हातात डब्याची पिशवी. वर्गात बावीस जण, बहुतेक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरंपोरी. बाभुळगावची निकिता त्याच्या बाजूला बसायची. तिनं पहिल्याच दिवशी ठेचा चाखला आणि त्यानंतर त्याच्या वह्या तीच नीट करून द्यायची. शिकवायला अर्पिता मॅडम होत्या, वय तिशीच्या आतबाहेर, आवाज बारीक, पण विषयावर पकड घट्ट.

नायकाला एक गोष्ट मात्र जमेना. वर्गात नायक मॅडम आहेत, आपण नाही, हे त्याच्या गळी उतरेना. एकदा ऋतिक नावाच्या पोराची हजेरी कमी भरली म्हणून मॅडमनी त्याला उभं केलं, तर मागून आवाज आला, "मॅडम, तुमचं झालं. आता पोराचं ऐकू." आणि ऐकलंच. ऋतिकनं बसचं, आईच्या दुखण्याचं, सगळं सांगितलं. नायकानं डोळे मिटून क्षणभर विचार केला आणि निकाल दिला: दोन दिवस माफ, तिसरा नाही. मॅडमना हसू आवरेना. पण त्यांनाही तेच योग्य वाटलं होतं, म्हणून त्यांनी तसंच केलं.

दुसऱ्या महिन्यात नोट्समध्ये एक वाक्य आलं: कोणाचंही म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय देऊ नये. नायक बाकावरच ताठ झाला. हे तर आपलंच. त्यानं ते लाल पेननं अधोरेखित केलं, परतीच्या एसटीत कंडक्टरला दाखवलं, दारव्ह्याला जीपवाल्याला दाखवलं, घरी धनीबाईला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिला लाल रेघ दाखवली. त्या आठवड्यात नायकाची चाल बदलली, आणि संजयला पुण्याला फोन करून त्यानं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

मग परीक्षा आली, आणि ज्या नियमानं तो ताठ झाला होता त्यानंच त्याला आडवा केला. प्रश्न असे होते: एका कारखान्यात कामगार महिलेला बाळंतपणाची रजा नाकारण्यात आली, कोणत्या हक्काचं उल्लंघन झालं ते सांगा. नायकानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'मालकाची बाजू प्रश्नपत्रिकेत दिलेली नाही. ती ऐकल्याशिवाय निकाल देता येणार नाही. पुढील तारीख धरावी.' चारही प्रश्नांना त्यानं हेच लिहिलं. कुठं मालक, कुठं शाळेचा हेडमास्तर, कुठं तुरुंगाचा साहेब, एवढाच फरक. ऐंशीपैकी अकरा गुण मिळाले. तेही बहुधा अक्षराचे असावेत.

"काका, अहो असं काय केलंत?" मॅडमनी पेपर पुढं धरला. "माहिती दिली आहे ना प्रश्नात."

"एकाच बाजूची हाय."

"परीक्षेत तेवढीच असते."

"मंग परीक्षेची चूक हाय, मॅडम. उद्या मालक आला अन् म्हनला का म्या रजा देल्ली होती, बाईनंच घेतली नाही, तं तोंड कुठं लपवू?"

मॅडमनी हात टेकले. मग त्यांनी त्याला मार्ग दाखवला. प्रकल्पाला पन्नास गुण आहेत. आपल्या परिसरातलं एक खरं प्रकरण घ्यायचं, हक्कांच्या अंगानं तपासायचं, ज्या माणसाचं प्रकरण आहे त्याची शेवटी सही घ्यायची, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढं तोंडी बोलायचं. तिथं गुण चांगले पडले तर नायक पास होईल. नाही पडले तर शिक्का विसरा.

नायकाचा चेहरा उजळला. प्रकरण? एकतीस वर्षांची प्रकरणं होती त्याच्याजवळ. आणि त्यातलं सगळ्यात देखणं कोणतं, याचा त्याला विचारसुद्धा करावा लागला नाही. जमनीचं.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जमनी म्हणजे त्याच्या भावकीतल्या पूनमसिंगची लेक, त्याला काका म्हणणारी. तांड्यातली बारावी पास झालेली पहिली पोरगी. तिचं लग्न तांड्यातल्याच चव्हाणांच्या घरी ठरलेलं होतं. मुलाचा बाप म्हणाला, लग्न याच साली. पोरगा दिवाळीनंतर ऊसतोडीला जाईल, तेव्हा सून घरात पाहिजे. पूनमसिंग म्हणाला, पोरीला दिग्रसच्या कॉलेजात घालायची आहे, तीन वर्षं थांबा. बोलणी फिसकटायला आली. नसाब पूर्ण दोन दिवस बसली. नायकानं दोन्ही बापांचं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निकाल दिला: लग्न याच साली, पण सासरच्यांनी तिला कॉलेजात पाठवायचं. दोन्ही बाप उठून एकमेकांना भेटले, गूळ वाटला गेला. आजूबाजूच्या चार तांड्यांत महिनाभर त्या निकालाची चर्चा होती. पुढल्या अठरा वर्षांत नायकानं ती गोष्ट निदान दोनशे लोकांना सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी गुळाचा तुकडा थोडा मोठा झाला.

बारा पानं त्यानं तीन आठवडे खपून लिहिली. निकितानं टाइप करून दिली. राहिली फक्त सही. एका सकाळी तो कागद घेऊन जमनीच्या अंगणात गेला. आता ती छत्तिशीची होती, मोठी मुलगी वर्षा अकरावीला, नवरा शेतात. ती सुपात तूर पाखडत होती. तिनं बाज टाकली, पाणी दिलं, आणि नायकानं मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "सदर प्रकरणात दोन्ही पक्षांचे म्हणणे पूर्णपणे ऐकून घेण्यात आले."

जमनीचं सूप थांबलं. "दोनी मंजे कोन कोन, काका?"

"तुहा बाप अन् तुहा सासरा."

"अन् मी कोनत्या बाजूची होतो?"

एकतीस वर्षांत नायकाला पक्षकारानं उलट प्रश्न विचारला नव्हता. "तू? तू तुह्या बापाच्या. त्याले तुले शिकवायचं होतं न."

"बापाले मले नोतं शिकवायचं. त्याले भावाच्या पोरीचं लगन आधी उरकायचं होतं. कॉलेजचं सांगायले बरं दिसत होतं, म्हनून सांगतलं." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. "अन् ते दोन दिवस चाय कोनी केला, ठावं हाय तुमाले?"

नायकाला चहा आठवत होता. आल्याचा होता, चांगला होता.

"म्या केला. साऱ्या नसाबीचा. चुलीपाशी बसून सारं ऐकत होतो. माह्याच जिवाचं चाललं होतं, अन् मी कप धूत होतो. कॉलेजात मी अकरा दिवस गेलो, काका. मंग दिवाळी आली, ऊस आला, मंग वर्षा पोटात होती. कोनी पाह्यलं का गेली का नाही ते?"

"मंग बोलायचं न तवाच."

जमनीनं त्याच्याकडे पाहिलं. "नसाबीत?"

नसाबीत बाया बसत नाहीत. तेव्हा बसत नव्हत्या आणि आजही बसत नाहीत, आणि यात बोलण्यासारखं काही आहे असं नायकाला त्या क्षणापर्यंत वाटलंच नव्हतं.

"मी सही नाही करत, नायक," जमनी म्हणाली आणि सूप हातात घेतलं. जन्मभर काका म्हणणारी पोर नायक म्हणाली, ते त्याला सहीपेक्षा जास्त लागलं.

तो घरी आला तो तणतणत. पोरी शेफारल्या, मोबाईलनं डोकी फिरवली, गूळ खाताना गोड लागला होता, वगैरे. धनीबाईनं ज्वारीच्या भाकरीवर तुरीच्या डाळीचं वरण वाढलं आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही हे पाहून त्याचा पारा आणखी चढला. शेवटी त्यानं विचारलं, "तुले काय वाटते? जमनी खरं बोलते का?"

धनीबाईनं आधी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, ताप आहे का काय ते. मग म्हणाली, "चाय तिनंच केलता. मी होतो न तिच्यापाशी. ती रडत होती."

"मंग सांगतलं नाही कवा?"

"तुमी इचारलं कवा?"

त्यानं ताट बाजूला सारलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. जेवला. पण चार दिवस ओट्यावर गेला नाही. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. एक निकाल चुकला असेल तर बाकीचे? प्रत्येक निकालात चुलीपाशी कोणीतरी बसलेलं होतं. मोजायला लागला आणि मध्येच सोडून दिलं.

पाचव्या दिवशी त्यानं बारा पानं फाडली आणि नवी लिहायला घेतली. या वेळी तीनच झाली. ती घेऊन तो पुन्हा जमनीकडे गेला, या वेळी उभ्यानंच वाचली, आणि सही मागितली नाही. म्हणाला, "मंगळवारी यवतमाळले परीक्षक येनार हाय. मी माही बाजू सांगीन. तुही तू सांग. दुसऱ्या बाजूशिवाय मी बोलत नाही, तुले ठावं हाय."

जमनीला हसू आलं. "मले कॉलेज पाह्यचं हाय एकदा," ती म्हणाली. "येतो."

आता हे फक्त रूपसिंग नायकालाच सुचू शकतं. जगात लोक तोंडी परीक्षेला पेन नेतात, देवाचा अंगारा नेतात, फार झालं तर मित्राला दारापर्यंत नेतात. हा फिर्यादीला घेऊन गेला. जीपमध्ये ती मागं बसली, एसटीत त्याच्या पुढच्या सीटवर, लग्नाकार्यातली मोरपंखी साडी नेसून, आणि खिडकीतून सगळं बघत राहिली.

परीक्षक बाहेरगावचे होते, पन्नाशीचे, चष्मेवाले, आणि त्यांना साडेतीनची बस गाठायची होती. त्यांनी मान वर करून पाहिलं. "या कोण?"

"दुसरी बाजू," नायक म्हणाला.

"त्यांना बाहेर बसू द्या. परीक्षा तुमची आहे."

"मंग मी बी बाहेर बसतो, साहेब. हिले बाहेर ठेवून म्या एकदा निकाल देल्ला हाय. पुन्हा नाही देत."

परीक्षकांनी अर्पिता मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खुर्ची ओढून जमनीला दिली. परीक्षकांनी तीन पानं वाचली, मग पुन्हा पहिल्या पानावर गेले. घड्याळाकडे बघायचं ते विसरले.

"यात हक्क कोणाचा डावलला गेला?"

"हिचा."

"कोणता?"

"आपल्या जिवाच्या गोष्टीत बोलायचा."

"आणि कोणी डावलला?"

नायकाचं पागोटं जागच्या जागी होतं, पण त्याखाली घाम फुटला होता. बाप, सासरा, रूढी, दारिद्र्य, पुस्तकात सगळी नावं होती आणि त्याला ती पाठही होती. "म्या," तो म्हणाला.

परीक्षक जमनीकडे वळले. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "ताई, तेव्हा तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

सगळ्यांना वाटलं ती म्हणेल, कॉलेज. नायकालाही तसंच वाटलं. जमनीनं बराच वेळ विचार केला.

"ठावं नाही, साहेब," ती म्हणाली. "कोनी इचारनारच नाही हे माहीत होतं. मंग इचार कायले करायचा?"

मॅडम खिडकीकडे वळल्या. नायक आपल्या पायांकडे बघत राहिला, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की त्यानं तिचं उत्तर हिरावलं नव्हतं, उत्तर तयार व्हायची जागाच ठेवली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पागोट्याच्या टोकानं पुसले आणि कोणी पाहिलं का याची काळजी केली नाही.

पन्नासपैकी सत्तेचाळीस पडले. नायक पास झाला. परीक्षकांची बस गेली, आणि ते जाता जाता म्हणाले की या ताईंनी पुढल्या वर्षी प्रवेश घ्यायला हवा. मॅडम म्हणाल्या, नक्कीच. निकिता दारात होती, तीही म्हणाली. नायकाला तर कल्पना इतकी आवडली की त्यानं 'घेऊन टाकू' म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण तो शहाणा झाला होता. बसस्टँडवर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी, त्यानं जमनीला रीतसर विचारलं. "शिकायचं का तुले?"

"इचार करून सांगतो," जमनी म्हणाली आणि रस संपवला.

परतीच्या वाटेवर नायक एकदम खूश होता. आपण विचारलं, हे त्यानं मनातल्या मनात दहा वेळा घोळवलं. घरी धनीबाईला सांगितलं, ओट्यावर सांगितलं. पुढच्या नसाबीला बाया बसतील असंही सांगून टाकलं, त्यावर जुन्या माणसांनी खाकरून घेतलं. संजयला फोन लावून सांगितलं की तुझं अर्धं बरोबर होतं.

दोन दिवस गेले, चार गेले. जमनी काही बोलेना. फॉर्मची मुदत जवळ आली. विचारायचं नाही, असं नायकानं ठरवलं होतं आणि ते पाळलं. फक्त त्यानं दिग्रसला जाऊन फॉर्म आणला, तो घरीच होता म्हणून भरायला घेतला, भरत होता म्हणून पूर्ण केला. फोटो लागत होता, तो तिच्या नवऱ्याकडून मागून घेतला. नवऱ्यानं काही न विचारता काढून दिला. सहीची जागा तेवढी रिकामी ठेवली आणि फॉर्म सदऱ्याच्या खिशात घालून नायक ओट्यावर बसून राहिला. आपण सारं नियमानं केलं, असं त्याला वाटत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी जमनी आली. ओट्याच्या पायरीशी उभी न राहता वर येऊन बसली.

"इचार केला," ती म्हणाली. "नाही शिकत, काका."

"काहून?"

"तवा शिकायचं होतं. आता मले वावर हाय, वर्षाची बारावी हाय, अन् दुपारी जरा डोळा लागला का बरं वाटते. शनिवारी पहाटे उठून कोन जाते यवतमाळले? तुमी जा."

नायकाजवळ अठरा युक्तिवाद तयार होते. एकही बाहेर आला नाही. "बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'ला त्याचा जीव निघाला, पण म्हणाला.

जमनीनं हात पुढं केला. "माहा फोटो द्या."

नायकानं खिशातून फॉर्म काढला. कान लाल झाले होते. तिनं तो हातात घेतला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, एक रकाना सोडला नाही. मग नखानं फोटो अलगद सोडवला, ब्लाउजमध्ये ठेवला आणि फॉर्म त्याला परत दिला.

"बारावीले मले चौसष्ट टक्के होते," ती म्हणाली. "तुमी छप्पन लिवले."

ती पायऱ्या उतरून वावराकडे गेली. नायकानं पेन काढलं, छप्पन खोडलं आणि त्यावर नीट अक्षरात चौसष्ट लिहिलं.